रिकामी म्हटल्याशिवाय

मी, सैन्यातून निवृत्त झालेला कर्नल, वय अठ्ठ्याहत्तर, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना आणि कुणाच्याही दबावाविना लिहीत आहे. दमलो आहे, पण दमलेल्या माणसाची सहीही चालते, असे वकील म्हणाले. याआधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. शौर्यपदक : पुलावरच्या लढाईत माझ्या शेजारचा हवालदार गेला आणि पदक मला मिळाले. ते द्यायला मी त्याच्या घरी गेलो होतो. त्याची बायको म्हणाली, "साहेब, मी हे घेऊन काय करू? ठेवा तुमच्याकडेच." ठेवले. आता ते पलटणीला परत करावे. मला त्याचे ओझेच झाले.

२. नेमबाजीची पदके : क्लबाला हवी असतील तर न्यावीत. ज्या निवड समितीने "आता तरुणांना संधी द्या" म्हणत मला वगळले, तिच्या अध्यक्षांना शोकसभेत बोलू देऊ नये. ते फार वेळ बोलतात. सर्वांत मोठ्या चषकात पत्नी सुईदोरे ठेवते, तो तिचाच.

३. घर : चिरंजीव म्हणतात, "बाबा, आईला आता काही कळत नाही. घर विकू, तिला चांगल्या ठिकाणी ठेवू." चिरंजीव वाईट नाहीत. तिला सांभाळताना माझ्याही नाकी नऊ येतात. ती गॅस बंद करायला विसरते, माणसे विसरते. तरीही पुढील गोष्ट नोंदवतो.

रायफल हातात घेतली की बोल्ट उघडून दुसऱ्याला दाखवायची आणि त्याने आत पाहून "रिकामी" म्हणायचे, हा आमच्या घरचा लग्नापासूनचा रिवाज. मी भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर गोळीविना सराव करायचो, तेव्हा ती हातातले काम टाकून आधी पाहून जायची. गेल्या महिन्यात चिरंजीव क्लबाच्या रेंजवरून सराव करून माझी रायफल घेऊन आले.

"रिकामी आहे गं, आई."

"तू म्हणालास म्हणून काय झालं? उघड."

बोल्ट उघडला आणि जिवंत काडतूस टेबलावर पडले. "कितीदा सांगायचं रे दादा तुला?" ती म्हणाली. दादा म्हणजे तिचा भाऊ. तो जाऊन बरीच वर्षे झाली.

सबब, हे घर तिच्या हयातीपर्यंत तिचे. ते विकू नये, तिला हलवू नये. माझ्या ठेवींतून दिवसभराची बाई ठेवावी. तिच्यानंतर घर चिरंजीवांचे.

४. रायफल : नियमाप्रमाणे क्लबात जमा करावी. सलामीच्या फैरी नकोत. मला ऐकू येणार नाहीत आणि ती दचकेल. रायफल नेण्याआधी बोल्ट उघडून तिला दाखवावी. मी गेलो, हे तिला त्या दिवशी पुन्हापुन्हा सांगावे लागेल. कुणी वैतागू नये. तिने "रिकामी" म्हटल्याशिवाय रायफल उंबऱ्याबाहेर जाणार नाही. तो शब्द तिला आठवलाच नाही, तर चिरंजीवांनी तिच्याजवळ बसून आत नीट पाहावे आणि तिच्या वतीने म्हणावा.

तरीही घर तिचेच.

सही : निवृत्त कर्नल
साक्षीदार : १. मला तपासून शुद्धीवर ठरवणारे आमचे डॉक्टर. २. क्लबात बंदुका दुरुस्त करणारे मिस्त्री.
स्थळ : राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक : ९ मार्च