वहिनीचा रविवार

॥ श्री ॥
मुलुंड (पूर्व),
१ डिसेंबर २०२५

चि. सौ. रुक्मिणी हिस,
अनेक उ. आ.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. ह्यांना तीनदा वाचून दाखवलं. फोनवर उत्तर देता येत नाही म्हणून तुझे दादा चिडतात, पत्र मात्र शांत ऐकतात आणि संपलं की पुन्हा वाच म्हणून डाव्या हाताने खूण करतात. तुमच्या म्हशीने गोठ्यातून पळून सोसायटीच्या गोदामात मुक्काम ठोकला, तिथे हे पोट धरून हसले. तेव्हा पत्रं येऊ देत.

आता माझी बातमी. काल मी डोंगरावर जाऊन आले! हसू नकोस. शेजारच्या सपनाची मुलगी प्रांजल एका ग्रुपबरोबर लोकांना डोंगरवाटांवर नेते. नवख्या लोकांसाठी कर्जतजवळच्या पेठच्या किल्ल्याची सहल होती. प्रांजल दोन महिने मागे लागली होती, आणि सपनाने दिवसभर ह्यांच्याजवळ थांबायचं कबूल केलं. ह्यांना अर्धांगाचा झटका आल्याला ऑक्टोबरात तीन वर्षं झाली. तेव्हापासून अख्खा दिवस मी घराबाहेर राहिलेच नव्हते.

पहाटे साडेपाचला चेकनाक्यावरून मिनीबस निघाली. वीस माणसं, बहुतेक आमच्या सौरभच्या वयाची. पायथ्याला सगळ्यांना गोल उभं करून नाव आणि कितवा डोंगर ते सांगायला लावलं. मी पहिला म्हटलं तर एका मुलाने टाळ्या वाजवल्या. मला इतकं कसंनुसं झालं! प्रांजल पुढे आणि तिचा एक सहकारी सगळ्यांच्या मागे, म्हणजे माझ्याबरोबर. बिचारा दर वळणावर मला दम खायला थांबवायचा आणि स्वतःच थकल्याचं नाटक करायचा.

वर पेठ गावात पोचले तेव्हा पाय दुसऱ्याचेच वाटत होते. त्यापुढे किल्ल्याचा सुळका. त्याच्या पोटातून दगडात कोरलेल्या पायऱ्या वर जातात. मी दहा-बारा पायऱ्या चढले, खाली पाहिलं आणि बसत बसत परत उतरले. प्रांजलने अजिबात आग्रह केला नाही. बाकीचे माथ्यावर गेले आणि मी खालच्या गुहेत खांबाला टेकून बसले. तासभर. गार वारा, समोर सगळं खोरं, आणि मला कोणी हाक मारत नव्हतं. दहा पोळ्या जास्तीच्या नेल्या होत्या, त्या पोरांनी उतरताना फस्त केल्या.

घरी यायला साडेआठ झाले. इकडे बाकी ठीक.

कळावे. भावोजींना नमस्कार. माया आहेच, ती पत्रातून दिसू दे.

तुझी,
जयंतीवहिनी


॥ श्री देव रवळनाथ प्रसन्न ॥
तळेरे,
९ डिसेंबर २०२५

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते शेजारणीलाही कौतुकाने वाचून दाखवलं. तिसऱ्या मजल्यावर चढताना जिला दोनदा थांबावं लागतं ती आमची वहिनी किल्ल्यावर गेली म्हणून.

काल सौरभचा बेंगळुरूहून फोन आला. तो मला धीर द्यायला लागला, आणि मला कशाचा धीर तेच कळेना. मग समजलं की त्याच रविवारी दादा घरात पडला, कपाळाला चार टाके पडले. वहिनी, तू दहा-बारा पायऱ्या लिहिल्यास आणि चार टाके लिहायचे राहिले? वर इकडे बाकी ठीक म्हणून लिहिलंस.

माझा एकच भाऊ आहे. त्याला बोलता येत नाही, दुखलं तरी सांगता येत नाही. तू त्याच्यासाठी किती करतेस ते मला ठाऊक नाही असं नाही. पण साठीला टेकल्यावर ही हौस कशाला? घरात तो असा असताना? मला लिहिताना बरं वाटत नाही, पण मनात ठेवलं तर आपल्यातच अंतर पडेल.

कळावे. रागावले आहे, पण परकी झालेली नाही.

तुझी,
रुक्मिणी


॥ श्री ॥
मुलुंड (पूर्व),
१६ डिसेंबर २०२५

चि. सौ. रुक्मिणी हिस,
अनेक उ. आ.

तू लिहिलंस ते खरं आहे. मी लपवलं.

दुपारी तीनच्या सुमाराला सपना दहा मिनिटांसाठी तिच्या घरी गेली होती, गॅसवाला आला म्हणून. तेवढ्यात हे खुर्चीतून उठले आणि बाल्कनीच्या दाराशी पडले. तिथे कशाला गेले ते अजून कळलेलं नाही. विचारलं की तोंड फिरवतात. मी आले तेव्हा सपना रडत होती आणि हे पट्टी बांधून बसले होते.

दुसऱ्या दिवशी तुला पत्र लिहायला बसले. डोंगर लिहून झाला आणि पेन थांबलं. टाके लिहिले असते तर त्या डोंगराचं काहीच उरलं नसतं, एवढंच मला दिसत होतं. आणखी एक कबूल करते. गुहेतल्या त्या तासात मला ह्यांची आठवण एकदाही झाली नाही. ते मला टोचतं. आणि तसा तास पुन्हा हवाही वाटतो.

बूट माळ्यावर टाकले. प्रांजलला सांगितलं, पुढच्या यादीतून माझं नाव काढ.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवायचं की नाही यावर दोन दिवस काढले. मग सगळं वाचलं, गाळलं काही नाही. हौस कशाला, या ओळीपाशी ह्यांनी कागदावर डावा पंजा ठेवला आणि म्हणाले, "जांव दे."

मला वाटलं, सोडून दे म्हणतायत. मी पत्र मिटायला लागले. तर जोरात मान हलवली, आधी माझ्याकडे बोट केलं, मग वर माळ्याकडे. "जांव दे तिका." तुझ्याशीच बोलत होते ते, माझ्याशी नाही.

तीन शब्द, रुक्मिणी. ऑगस्टनंतर पहिले. लग्नाला चौतीस वर्षं झाली, माझ्याशी हे कधी मालवणी बोलले नव्हते. आता तुमच्या घरचीच भाषा तेवढी हाताशी राहिलेली दिसते.

टाके निघाले, जखम सुकली आहे. बूट अजून माळ्यावरच आहेत.

कळावे. राग गेला नसेल तर तसं लिही, पण लिही.

तुझी,
जयंतीवहिनी


॥ श्री देव रवळनाथ प्रसन्न ॥
तळेरे,
२३ डिसेंबर २०२५

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

मी पाच जानेवारीला येते आणि दहा दिवस राहते. ह्यांच्या जेवणाची सोय जाऊबाईंकडे केली आहे, म्हैस पुतण्या बघेल. प्रांजलला विचारून त्या दहा दिवसांतल्या रविवारी तुझं नाव घाल. दादाने मला सांगितलंय, ते मला ऐकावं लागेल.

कुळथाचं पीठ आणि कोकमाचं आगळ आणते. दुसरं काही हवं असल्यास कळव.

तुझी,
रुक्मिणी


॥ श्री देव रवळनाथ प्रसन्न ॥
तळेरे,
१९ जानेवारी २०२६

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. हे पत्र आधी एकटी वाच. दादाला वाचून दाखवू नकोस.

त्या रविवारी तू अंधारातच गेलीस. फ्रिजवर गोळ्यांच्या वेळा चिकटवून गेलीस तेव्हा मी मनात हसले होते. अकरा वाजेपर्यंत माझी कंबर मोडली. त्याला न्हाणीत न्यायचं, आंघोळ, दाढी, कपडे, पुन्हा पलंगावर. जेवताना मी भातावर आमटी कालवली तर त्याने ताट ढकललं. तो आमटी वेगळी घेतो हे मला, सख्ख्या बहिणीला, ठाऊक नव्हतं. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले. तू दिवसभर त्याच्याजवळ बसलेली असतेस अशी माझी समजूत होती. हौस हा शब्द मी लिहिला होता, तो मागे घेते. तोंडाने म्हणायचं धाडस दहा दिवसांत झालं नाही.

आता खरं सांगायचं ते. दुपारी मी त्याच्या खोलीत सतरंजीवर डोळे मिटून पडले होते. काठी टेकल्याचा आवाज आला. बघते तर दादा उभा. मी झोपलेय असं समजून एकटाच उठला होता. ती चार पायांची काठी पुढे टाकायची, उजवा पाय ओढून आणायचा, थांबायचं. मी हलले नाही. पलंगापासून बाल्कनीच्या दारापर्यंत गेला आणि तिथल्या स्टुलावर बसला. घामाने निथळत होता. मग माझे उघडे डोळे दिसले त्याला. म्हणाला, "तिका सांगू नको."

तेव्हा उमगलं, तो पडला त्या दिवशी कुठे निघाला होता. तू घरात नसलीस की तो चालून बघतो. तुझ्यासमोर उठत नाही, कारण त्याने टाच टेकायच्या आत तू त्याच्या कोपराला धरलेलं असतं. तुला बोल लावत नाही. मीही तेच केलं असतं.

संध्याकाळी तू आलीस, नाक उन्हाने लाल, आणि बूट न काढताच सांगत सुटलीस की या वेळी माथ्यापर्यंत गेले. तेव्हा तो तुझ्याकडे कसा बघत होता ते तू पाहिलं नाहीस. मी पाहिलं.

पुढच्या दिवसांत तू भाजीला, बँकेत गेलीस की आम्ही दोघे चालायचो. मी मागून त्याचा पट्टा धरून. न सांगण्याचं कारण विचारलं तर त्याला फार वेळ लागला. आधी बाहेरच्या दाराकडे बोट केलं, मग बेल दाबल्यासारखं, मग तुझ्या फोटोकडे, शेवटी स्वतःच्या छातीवर हात. तुझ्यासाठी दार त्याला स्वतः उघडायचंय, वहिनी.

मी शब्द दिला होता, तो मोडतेय. तो पुन्हा पडला आणि मला ठाऊक असून मी गप्प होते, असं व्हायला नको. दादाला व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना मी जिन्यात गाठून सांगितलं. त्या म्हणाल्या, मागे माणूस हवा, पण अडवू नका. सपनाला सगळं समजावलंय, ती मागे उभी राहील.

तेव्हा एक फेब्रुवारीला प्रांजलबरोबर जा. आल्यावर बेल वाजव आणि बाहेर उभी राहा. पलंगापासून दारापर्यंत त्याला बराच वेळ लागेल. आतून काहीही आवाज आला तरी पुन्हा वाजवू नकोस.

कळावे. धाकटी आहे, चुकले ते पोटात घाल आणि जवळची मान.

तुझी,
रुक्मिणी