राणीचं काम

प्रिय दौलत,

तुझं पत्र पोचलं. इकडची खुशाली लिहायला बसलो आणि हात थांबला.

ती संध्याकाळ तुझ्याही मनातून गेली नसेल. तू न कळवता पुण्याहून कल्याणला आलास. कॉलेजच्या संस्कृत नाटकात राणीचं काम मिळालं म्हणून मिशी काढलेली. मी ठाण्याच्या शाळेतून परतलो नव्हतो. तुझा बोडका ओठ पाहून आईला वाटलं, माझ्या मरणाची तार तुला आधी मिळाली. बाप असताना मिशी कोण काढतं? मी पोचलो तर ओटीवर माणसं जमलेली, शेजारच्या कमळाबाई रडताहेत आणि तुझ्या आईच्या बांगड्या फुटलेल्या. मला पाहून ती किंचाळली. मी हसलो. तू मान खाली घालून उभा होतास, म्हणून जरा जास्तच मोठ्यानं हसलो.

आता हसू येत नाही. श्वास चालू आहे ना हे बघावं तशी ती माझ्याकडे बघत राहते. टिटवाळ्याच्या गणपतीला नवस बोलली आहे. "त्याला म्हणावं, नाटक सोड, मिशी वाढव, मगच तोंड दाखव," हेच रोज चालू असतं. शकुन-अपशकुन सगळं खोटं, असं मी तिला समजावतो आणि वर्गात फळ्याकडे वळलो की हळूच माझीच नाडी बघतो.

नाटक उभं राहून बोलल्याशिवाय कळत नाही, असं तुमचे प्रोफेसर म्हणतात ना? हेच नाटक आम्ही बाकावर बसून वाचलं. समास सोडवले, अन्वय लावला, पास झालो. राणी कुणाकडे बघून बोलते, हे आम्हाला कुणी विचारलंच नाही.

पोटातली कळ पित्ताची, असं तुला सांगत आलो. तो मुतखडा आहे. येत्या गुरुवारी मुंबईच्या इस्पितळात भूल देऊन कापणार आहेत. सगळेच त्यातून उठतात असं नाही, हे डॉक्टरांनी लपवलं नाही. तुझा प्रयोगही त्याच दिवशी. मला फार भीती वाटते रे. आईपुढे हे म्हणता येत नाही. आता मात्र मिशीची वाट न बघता सगळं सोडून ये, असं तुला लिहायला तिनं मला बसवलं आहे. समोर बसून ती माझं अक्षर बघते आहे. तिला वाचता येत नाही. तू येऊ नकोस. तुझ्या ओठाचा आणि माझ्या जिवाचा काही संबंध नाही, हे मला खरं मानायचं आहे. गुरुवारी सकाळी मिशी पुन्हा साफ काढ आणि राणी होऊन उभा राहा.

तुझाच,
अण्णा