ओरखड्यातून वाचलेला आवाज

३ नोव्हेंबर
लेक मोनिकाची हळद चोवीसला. सासूबाईंचं वर्षश्राद्ध उरकलं. जात्यावर हळद दळताना म्हटलेल्या त्यांच्या ओव्या फक्त बायकोच्या, संध्याच्या फोनमध्ये आहेत. फोनचा भरवसा नाही. सीडीवर घेतो. कोडिंग माझं स्वतःचं. पॉलिटेक्निकमध्ये हेच तर शिकवतो.

४ नोव्हेंबर
मेहुणा सुदर्शन दौलताबादहून आला. म्हणाला, दाजी, पेनड्राइव्हवर दोन कॉप्या मारा अन् मोकळं व्हा, कशाला लई डोकं लावता. कॉपी करणं हे तंत्र नव्हे. सांगितलं नाही. समजलं नसतं.

९ नोव्हेंबर
सीडीवर लागोपाठ शून्यं आली की वाचणारं यंत्र मोजणी विसरतं. म्हणून मध्येमध्ये एकचा आकडा पेरायचा. शिवाय शेजारचे बिट, म्हणजे हे शून्य-एक, लांब लांब पांगवायचे, म्हणजे एका ओरखड्यात सगळे मरत नाहीत. संध्याला समजावलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, आईचा आवाज तेवढा राहू द्या.

१३ नोव्हेंबर
फोनमधली फाईल कॉम्प्युटरवर घेतली. नाव दिलं ‘आवाज’. लाईट गेली.

१५ नोव्हेंबर
चाचणीसाठी माझा आवाज रेकॉर्ड केला. कॉम्प्युटर म्हणे, ‘आवाज’ नावाची फाईल आहे, बदलू का? हो म्हटलं. फार प्रश्न विचारतो.

१६ नोव्हेंबर
सीडी तयार. स्कूटरच्या किल्लीनं आरपार ओरखडा काढला. सगळे बिट परत आले. ऐकून पाहिलं नाही. ऐकणं ही अडाण्यांची तपासणी.

१७ नोव्हेंबर
फोनमधली मूळ फाईल काढून टाकली. ट्रॅशही रिकामा केला. मूळ जवळ असलं की माणूस कोडवर विश्वास ठेवत नाही. संध्या म्हणाली, एकदा ऐकवा तरी. हळदीलाच ऐक म्हटलं.

२४ नोव्हेंबर
जातं मांडलेलं. सगळ्या मावश्या भोवती बसलेल्या. संध्यानं पदर डोळ्यांना आधीच लावलेला. सीडी लावली.
नमस्कार, लागोपाठ शून्यं आली की यंत्र मोजणी विसरतं, असं मी म्हणालो. स्पष्ट. खरखर नाही. बंद करायचं बटण सापडेना.
सुदर्शन म्हणाला, दाजी, लई क्लिअर आलंय.
संध्यानं खुंटा धरला. स्वतःच ओवी म्हणू लागली. तिसरी आठवेना. मी फोन काढला, आहे तेवढं रेकॉर्ड करावं म्हणून. तिनं पाहिलं. ठेवून दिला.

२५ नोव्हेंबर
एकही बिट चुकला नव्हता. हे नोंदवून ठेवतो.
संध्या जात्याभोवती सांडलेली हळद गोळा करत होती. चहा घेतेस का, विचारलं. तिनं जातं फडक्यानं झाकलं.
पुन्हा विचारलं.