बारा भागिले तीन, कंसात एक अधिक एक

तीर्थस्वरूप आत्यास साष्टांग नमस्कार.

(कागदावर आहे म्हणून ‘तुम्ही’ लिहिणार होते, पण मग काहीतरी भयंकर घडलंय असं वाटून तू फोन करशील. म्हणून रोजचं ‘तू’च ठेवते, राग मानू नकोस.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे मागच्या फोनवर विचारायचं राहिलं, आणि तेव्हापासून मला चुटपुट लागली आहे. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. हे वाक्य लिहून मी थांबले, कारण ते पूर्ण खरं नाही. तब्येतीने सगळे खुशाल आहोत. बाबा आणि काका एकमेकांशी बोलत नाहीत.

घाबरू नकोस, वाटणीबिटणीचं काही नाही. गणिताचं आहे.

झालं असं, की काकूने घरच्या ग्रुपवर कुठून तरी आलेलं एक कोडं पुढे ढकललं. बारा भागिले तीन, तिनाला चिकटून कंस, आणि कंसात एक अधिक एक. खाली लिहिलं होतं, ‘बहुतेक लोक चुकतात. तुम्ही हुशार आहात का?’ आता हा प्रश्न आपल्या घरात विचारावा का कोणी? बाबांनी आठ लिहिलं. काकांनी दोन लिहिलं आणि शेजारी हसरा चेहरा टाकला. (तो चेहरा नसता तर पुढचं सगळं टळलं असतं असं मला वाटतं, पण मी खात्रीने सांगू शकत नाही.) बाबांचं म्हणणं, कंस सुटला की उरलेलं डावीकडून ओळीने करायचं, बाराला तीनने भागून चार, चार दुणे आठ. काकांचं म्हणणं, तीन कंसाला चिकटलाय म्हणजे तो ‘चे’ झाला, आणि कंचेभागुबेव म्हणताना ‘चे’ भागाकाराच्या आधी येतो, हे पोरासोरांनाही कळतं. म्हणून तिनाचे दोन पट सहा, बाराला सहाने भागून दोन. दोघांच्याही पुराव्याचं शेवटचं वाक्य मात्र एकच होतं: ‘मला ताईने शिकवलंय.’ आई म्हणाली, आठ आणि दोन दहा होतात, पाच-पाच वाटून घ्या आणि पानावर बसा. ते दोघांनाही अपमानास्पद वाटलं. मी आपलं कोणावर अन्याय नको म्हणून फोनवर गणित करून पाहिलं, तर आठ आलं. मग कॉलेजातला जुना कॅल्क्युलेटर काढला, त्याने दोन सांगितलं. मला रडूच आलं. मलाही तूच शिकवलं आहेस ना, स्वयंपाकघरात शेंगा सोलता सोलता, उत्तर एकच असतं म्हणून.

घरातलं भांडण घरात राहिलं असतं तर मी तुला त्रास दिला नसता. पण दुकानाची रीत तुला ठाऊक आहे. बाबा गिऱ्हाइकाच्या खिडकीचं माप सांगतात, काका ते मोठ्याने परत म्हणतात, ‘कापू का?’ विचारतात, बाबा ‘काप’ म्हणतात, आणि मगच पडद्याच्या कापडाला कात्री लागते. आता दोघं पाठीला पाठ लावून बसतात आणि मधे मी. बाबा म्हणतात, ‘त्यांना सांग.’ काका म्हणतात, ‘ऐकलं म्हणावं.’ (धाकट्या भावाला ‘त्यांना’ म्हणताना बाबांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा होतो, पण म्हणतात.) अशात दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याच्या पडद्यांचं काम आलं. खिडकी चार फूट उंच, दुमडायला अर्धा फूट, आणि असे दोन पडदे शेजारी शेजारी; म्हणजे नऊ फूट कापड. बाबा मला म्हणाले, त्यांना सांग, चार अधिक अर्धा, गुणिले दोन. मी शब्दन् शब्द तसाच पोचवला. नऊ मला कळत होतं गं. पण बाबांनी कंस सांगितला नव्हता, आणि दुसऱ्याच्या निरोपात पदरचा कंस घालणं मला बरोबर वाटेना. काकांनी नियमाप्रमाणे आधी गुणाकार केला, अर्ध्याची दुप्पट एक, त्यात चार, झाले पाच, आणि कात्री चालवली. मी भीत भीत म्हटलं, काका, खिडकी चार फुटांची आहे.

“मग माप सांगणाऱ्याने कंस सांगायचा होता,” ते म्हणाले आणि मशीन सुरू केलं.

पाचाचे दोन तुकडे अडीच-अडीच, त्यातून दुमड गेली, आणि पडदे शिवून झाले ते दोन फुटांचे. दुकानातल्या पोऱ्याला नव्हे, मलाच ते लावायला जावं लागलं. आत्या, आता त्या दवाखान्याच्या खिडकीचा वरचा अर्धा भाग झाकलेला आहे आणि खालचा उघडा. खुर्ची नेमकी खिडकीशी. त्यामुळे रस्त्यावरून डॉक्टरांचं डोकं दिसत नाही, नुसते हात आणि पेशंटचा वासलेला जबडा दिसतो. समोर बसथांबा आहे. रांगेतली माणसं परक्याच्या अक्कलदाढेवर मतं देतात, आणि एका आजोबांनी तर काच वाजवून ‘दुसऱ्या बाजूची, दुसऱ्या बाजूची’ असं डॉक्टरांना खुणेने सांगितलं.

हसू नकोस. काकांनी आपल्या मशीनला चाकं बसवून घेतली आहेत. विचारलं तर म्हणतात, खालचं झाडायला बरं. पण कोपऱ्यावरचा रिकामा गाळा ते दोनदा बघून आले, हे काकूने आईला सांगितलं, आणि बाबा कोणी न विचारताच म्हणाले की, जाणाऱ्याला आम्ही कधी अडवलं नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत. म्हणून विनंती, की तू खरं उत्तर कोणतं ते एका ओळीत लिहून पाठव. तुझ्या शब्दापुढे दोघं जाणार नाहीत.

आई आणि काकूचा नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझी भाची

ता.क. पाकीट चिकटवणार तोच डॉक्टर स्वतः दुकानात आले. चूक कोणाची, विचारू लागले. बाबा म्हणाले, मी बरोबर सांगितलं, ताईने शिकवलंय. काका म्हणाले, मी बरोबर कापलं, ताईने शिकवलंय. डॉक्टर म्हणाले, मग तुमच्या ताईलाच गणित येत नसणार. बाबांनी टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवली.

“पडदे नवे देतो, डॉक्टर. ताईचं नाव काढायचं नाही.”

“दादा बरोबर बोलतोय,” काका म्हणाले.

दादा! मी पाठ वळवून उगाच गुंड्या निवडत बसले.

ता.क. दुसरा. वरची विनंती रद्द समज. डॉक्टर गेल्यावर दोघांनी एकत्र चहा घेतला आणि बराच खल करून असं ठरवलं, की डॉक्टर उद्धट असला तरी मूर्ख नाही. थोरल्याला तू नीट शिकवलंस, धाकट्यापर्यंत येईतो कंटाळलीस, असं बाबा म्हणाले. काकांच्या मते थोरल्याला शिकवताना तुझा हात बसला आणि धाकट्याला खरं शिकवलंस. एकूण घोळ तुझाच, यावर मात्र दोघांचं इतकं एकमत झालंय की मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि मोठ्या मनाने त्यांनी तुला क्षमा करायचं ठरवलंय. रविवारी दोघं मिळून फोन करतील.

तर आत्या, तुझ्या पाया पडते, तेवढी क्षमा करून घे. वाद घालू नकोस, ‘चुकलंच माझं’ म्हण. आणि खरं उत्तर कोणालाही सांगू नकोस. मला तर मुळीच नको. मला कोणी विचारलं तर खोटं बोलता येत नाही.