अप्पा खुर्चीसकट निघाले

वाशी, निजाम इलाखा, चैत्र वद्य, सोमवार

वडील भगिनी सौ. इरम्माक्का, मुक्काम सोलापूर, यांच्या चरणी धाकटा भाऊ पंचाक्षरी याचे अनेक शरणु शरणार्थी. महालिंगप्पा दाजींचा खोकला उतरला का? इकडे सर्व मंडळी खुशाल आहेत, आणि या मंडळींत अप्पाही धरावेत. हे मुद्दाम लिहायचं कारण, बांगड्या घेऊन तिकडे निघालेला कोंडीराम कासार एव्हाना तुमच्या दारात रडून गेला असेल. त्यानं पाहिलं ते खरं आहे, पण निम्मंच आहे. अप्पा हयात आहेत. या घडीला ते शेंगांच्या चटणीत तिखट कमी पडलं म्हणून तुमच्या भावजयीवर, जगदेवीवर, खेकसत आहेत.

तर झालं असं. वेशीजवळचं नवं घर पुरं झालं, गृहप्रवेशाचा दिवस ठरला, बाजारातल्या जुन्या घरातलं सामान गाडीनं गेलं. मागं राहिली फक्त खुर्ची, आणि खुर्चीत अप्पा. त्या खुर्चीबद्दल तुम्हाला मी काय सांगावं? बदली होऊन हैदराबादेस निघालेल्या कुण्या तालुकदारानं ती पणजोबांना दिली. पणजोबांमागं आजोबा बसले, आजोबांमागं अप्पा. अस्सल सागवान, दोन्ही हातांवर सिंहाची तोंडं (डाव्या सिंहाचं नाक तुम्ही लहानपणी अडकित्त्यानं उडवलं होतं, आणि मार मी खाल्ला होता). लग्नात तुम्ही ती मागितलीत. अप्पा म्हणाले, करोडगिरीच्या नाक्यावर हद्दीची जकात घेणारे शिपाई हसतील, पोरीला कुणी खुर्ची देतं का! तुम्ही म्हणालात, "मग बसा तिलाच धरून," आणि त्यानंतर या घराचा उंबरा चढला नाहीत. अप्पांनी मात्र तुमचं बोलणं अक्षरशः पाळलं. आम्ही उठा म्हणून विनवलं, तर म्हणाले, "म्या उठलो की इरीचा नवरा गाडी घिऊन ईल." (दाजी सोलापुरात खोकत होते, पण अप्पांना कोण पटवणार?)

शेवटी बलभीम हमालानं खुर्चीच्या हातांखालून दोन बांबू बांधले आणि चौघांनी ती अप्पांसकट खांद्यावर घेतली. उंचावर अप्पांना घेरी येते, म्हणून त्यांनी डोळे गच्च मिटले. पडू नयेत म्हणून जगदेवीनं त्यांना उपरण्यानं खुर्चीच्या पाठीला बांधलं. गृहप्रवेश असल्यानं कपाळावर ठळक विभूती, अंगावर कोरं धोतर, गळ्यात हार होताच. पुढं मठाचे स्वामी शंख फुंकत निघाले. आपल्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवूनच नेतात, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. बाजारात मात्र ते सगळ्यांच्याच डोक्यात आलं.

समोरच्या मथुराबाईंनी पहिली हाळी घातली, "अगं बया, काल तर हरभऱ्याचा भाव करीत व्हते की!" पटापट दुकानांच्या फळ्या लागल्या. बायकांनी जगदेवीला मिठ्या मारल्या. तिला वाटलं, नव्या घराचं कौतुक चाललंय, म्हणून तीही भरून येऊन रडली. धोंडीबा पाटलांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पंचाक्षरी, आता समदं तुलाच बघायचं." मी म्हटलं, "व्हय पाटील, अजून चुना मारायचा राहिलाय."

मग आले महांतप्पा. आपल्या दुकानासमोरच्या आडतीवरचे, ज्यांचं नाव निघालं की अप्पा चूळ भरून येतात, तेच. आले ते थेट बांबूला खांदा दिला आणि ढसढसा रडत म्हणाले, "असा गडी पुन्हा व्हनार न्हाय." अप्पांना प्रकार मारुतीच्या देवळापाशीच कळला होता, हे त्यांनी मागाहून खासगीत कबूल केलं. डोळे का उघडले नाहीत विचारलं, तर म्हणे, "जित्तेपणी कोण म्हनतं असं?" वेशीपर्यंत ते गुमान ऐकत बसले. पण महांतप्पांना गप्प बसवेना. "तराजूवर हात जरा जड व्हता," ते हुंदका देत म्हणाले, "पर मन साफ!" त्याबरोबर अप्पांनी एक डोळा उघडला. "कुनाचा हात जड रं?"

बलभीमानं बांबू सोडला. बाकीच्यांनी त्याचं अनुकरण केलं. महांतप्पा वहाणा टाकून पळाले, आणि स्वामींचा शंख मध्येच थांबला. बांधलेले होते म्हणून अप्पा वाचले, खुर्चीचा मागचा पाय गेला. कोंडीराम त्याआधीच वेशीतून डोळे पुसत पुढं निघून गेला होता.

आता ती खुर्ची नव्या घराच्या ओट्यावर विटांच्या आधारानं उभी आहे. अप्पांनी तिचं तोंड सोलापूरच्या वाटेकडं करून ठेवायला लावलं. त्या दिवशी पाहुणे पांगल्यावर अप्पा मला म्हणाले, "समदं गाव आलं. महांतप्पासुदिक आला. इरी न्हाय आली." मी म्हटलं, तिला कळायला नको का, आणि तुम्ही गेला तरी कुठं होता! त्यावर ते डाव्या सिंहाच्या तुटक्या नाकावरून बोट फिरवत बसले. मला वाईट वाटलं, अक्का. ते भांडले असते तर बरं झालं असतं.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच, तो वाढवायला माणूस समोर लागतो.

आपला,
पंचाक्षरी

ता. क. खुर्ची तुम्ही न्यावी, असं अप्पा आपण होऊन म्हणतात. पाय मोडल्यावर हे औदार्य सुचलं, असं दाजी म्हणतील. म्हणू द्यात. सुतार पाय बसवून देतो म्हणाला आहे. अट एकच, न्यायला तुम्ही स्वतः यायचं. (अप्पा तिच्यातून उठतील, असं मात्र कुणी कबूल केलेलं नाही.)

आणखी ता. क. पत्र अप्पांना वाचून दाखवलं. तराजूचं काढून टाक म्हणतील असं वाटलं होतं, पण त्यांची हरकत वेगळीच निघाली. "म्या हयात हाय, हे खोड," म्हणतात, "मेलो म्हनलं तर इरी ईल तरी." मी खोडलेलं नाही. अक्का, ते खोडायची वेळ यायच्या आत या.