सुभेदारसाहेबांचा डावा कान

३ जानेवारी
ट्रकच्या तळावर लेफ्टनंट म्हणून पहिला दिवस. मी हुकूम दिला की जवान आधी सुभेदारसाहेबांकडे बघतात, मग हलतात. त्यांची हयात फौजेत गेली, माझी नोकरी आज सुरू झाली. ते मला साहेब म्हणतात, मी त्यांना साहेब म्हणते. नक्की कोण कोणाचं ऐकतं, तिऱ्हाइताला कळायचं नाही! मला तरी कुठे कळतंय.

९ जानेवारी
सुभेदारसाहेबांना दोनदा हाक मारली. वळलेसुद्धा नाहीत. सगळ्या जवानांसमोर!

२१ जानेवारी
आज त्यांनी आपणहून चहाला बोलावलं. स्टोअरमध्ये, जुन्या टायरांवर बसलो. म्हणाले, रागावून हुकूम देऊ नका; जवान रागाला दबतात, माणसाला मानत नाहीत. मग मुलीचा विषय निघाला. माझ्याच वयाची. "तुमच्यासारखीच. नाकावर माशी बसू देत नाही." मला हसू आवरेना.
मी त्यांच्या डावीकडे बसले होते. माझ्या निम्म्या बोलण्यावर ते नुसती मान डोलवत होते, भलत्याच ठिकाणी हसत होते. मी उजवीकडे सरकले, तर त्यांना शब्दन् शब्द कळला. म्हणजे त्या दिवशी अपमान नव्हताच – कान होता!

४ फेब्रुवारी
आता त्यांच्या उजव्या बाजूनेच चालते. मेजरसाहेब काही सांगायला लागले की शंका विचारल्यासारखं करून तेच मोठ्याने म्हणते. कुणाला पत्ता नाही. मी विचारलं नाही, ते बोलले नाहीत. डॉक्टरांच्या कानावर गेलं तर त्यांना घरी पाठवतील. माझ्या तोंडून हे कसं निघावं? आईला फोनवर म्हटलं, इथे वडिलांच्या जागी माणूस मिळालाय.
जवान हल्ली माझ्याकडे बघून हलतात. तीही त्यांचीच कृपा.

१८ फेब्रुवारी
लिहवत नाही.

१९ फेब्रुवारी
काल ट्रक मागे येत होता. ड्रायव्हरने हॉर्न दिला, सगळे ओरडले. मी तळाच्या दुसऱ्या टोकाला. सुभेदारसाहेब पाठमोरे, वाकून दुसऱ्या गाडीचं चाक तपासत होते; उजवा कान तिच्या घरघरत्या इंजिनाकडे, डावा ट्रककडे. शांत. इतके शांत! मी पळाले – पोचले नाही.
मागचं चाक त्यांच्या पायावरून गेलं. ड्रायव्हर ढसाढसा रडत होता आणि जमिनीवर पडलेले तेच त्याला समजावत होते. संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली कापला.

२३ फेब्रुवारी
सगळा दोष ड्रायव्हरवर येत होता. त्याने हॉर्न दिलाच नसेल म्हणे. मग मात्र गप्प बसवेना. मेजरसाहेबांना सांगितलं, हॉर्न वाजला होता, सुभेदारसाहेबांना डावीकडून ऐकू येत नाही. त्यांनी विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं कागदावर लिहून घेतलं.

२ मार्च
हॉस्पिटलमध्ये गेले. उजवीकडे स्टूल ओढून बसले. म्हटलं, मला तुम्हाला सांभाळून घ्यायचं होतं, साहेब.
ते पांघरुणाची घडी नीट करत राहिले. मग म्हणाले, "तुम्हाला कळलंय, हे मला ठाऊक होतं. रोज वाटायचं, आज साहेब बोलतील, मला घरी पाठवतील. माझ्याच्याने बोलवत नव्हतं. तू सांगशील म्हणून थांबलो होतो, पोरी."