चौथ्या मशीनचा इशारा

३ नोव्हेंबर, सोमवार
लागले बाई एकदाची नोकरीला! धायरीहून खराडी म्हणजे परगावी जाण्यासारखंच आहे, पण ऑफिस झकास आहे. आमची कंपनी डायलिसिस केंद्रांमधल्या पेशंटांच्या नोंदी सांभाळते. त्यात माझ्या बाबांचीही नोंद आहे. मार्केट यार्डात अख्खं आयुष्य तोलाईत घालवलेला माणूस, किडन्या गेल्यापासून घरात बसलाय. सकाळी म्हणाले, आता माझा वजनकाटा तुझ्या हातात.

माझा टीम लीड सार्थक. तो कीबोर्डवरच मिसळ खातो. बटणांच्या फटीत शेव, शेवेवर तेल, आणि त्याच बोटांनी त्याने माझ्याशी हस्तांदोलन केलं. मी दोनदा हात धुतले.

४ नोव्हेंबर, मंगळवार
काम समजलं. सगळ्या नोंदी चार मशीनवर असतात. एकावर बदल झाला की बाकीची त्याची नक्कल करतात, आणि कुठे फरक पडलाच तर सगळ्यात ताज्या तारखेची नोंद खरी धरतात. चौथं मशीन मात्र नुसतं ऐकतं. त्याला स्वतःचं काही पाठवायची परवानगी नाही. त्याचं सेटिंग इतरांशी जुळत नाही असा पिवळा इशारा रोज सकाळी येतो. सार्थक तो गप्प करतो आणि चहाला जातो. का जुळत नाही असं विचारलं, तर म्हणाला की आधीच्या श्रीनिवासने करून ठेवलंय, आपण कशाला हात लावा. वा! आपण केलं नाही ना, मग आपण बघायचंही नाही. या ऑफिसची हीच रीत दिसते.

६ नोव्हेंबर, गुरुवार
मशीनच्या खोलीत जाऊन आले. तीन मशीन कोरडी ठणठणीत. चौथ्याला घाम आलेला. पाणी म्हणावं तर चिकट, कोमट, बोटाला तार येणारं. पंख्याच्या जाळीत केसांचा गुंता, आणि वास नासक्या कांद्याच्या पोत्याचा. शी! एसीचं पाणी असेल म्हणाले सगळे. नाक दाबून मीच पुसलं.

जागेवर येऊन सेटिंगही जुळवून टाकलं. चौथं मशीन आता इतरांसारखंच नोंदी घेणार आणि देणारही. इशारा गेला. सार्थकने टाळ्या वाजवल्या, केक आणला. मला खाववला नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार
केंद्रांचे फोनवर फोन. समोर बसलेल्या पेशंटांना आमची यंत्रणा मयत दाखवते आहे. शोधलं, तर चौथ्या मशीनचं घड्याळ काही दिवस पुढे आहे. म्हणजे त्याची नोंद कायमच सगळ्यात ताजी! घड्याळ मागे घेतलं, ते पुन्हा पुढे गेलं. नोंदी हाताने सुधारल्या, त्या पुन्हा मयत झाल्या.

एका केंद्रातल्या नर्स चैतालीताईंनी आवाज खाली आणून वेगळीच तक्रार केली. मयत दाखवलेल्या या पेशंटांच्या अंगाला वास येतोय म्हणे. आंघोळ करून आलेल्यांच्यासुद्धा. त्यांच्या अंगावरची चिकटपट्टी काढली की खालची कातडी तिच्याबरोबर येते.

फोन ठेवला आणि परत दोनदा हात धुतले.

११ नोव्हेंबर, मंगळवार
बाबांची नोंद उघडली. मयत. तारीख अजून उजाडायची आहे, येत्या परवाची, गुरुवारची.

श्रीनिवासचा नंबर मिळवला. सगळं सांगितलं.
तो म्हणाला, "ते सेटिंग मी मुद्दाम चुकीचं ठेवलं होतं. तुम्ही दुरुस्त केलंत?"

मशीन बंद का नाही केलं, असं मी ओरडले. त्याने करून पाहिलं होतं. एक बंद केलं की दुसऱ्याला घाम फुटतो. म्हणून त्याने फक्त चौथ्याचं तोंड बांधून ठेवलं. आणि कुठे लिहून ठेवलं नाही, कारण लोक हसले असते. हसू दे ना मेल्या! माझा बाप आहे तो.

१२ नोव्हेंबर, बुधवार
सेटिंग परत बिघडवलं. इशारा परत आला. सार्थक चिडला. चिडू दे.
पण नक्कल आधीच सगळीकडे गेली आहे. चौथ्याची वायर उपटली, तर पहिलं ओलं झालं. मग दुसरं.
बाबांना हयात करते, पान बंद करते, उघडते — मयत. पुन्हा हयात — मयत —

घरी आले. जिन्यातच वास आला. कांद्याचा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
कामावर गेले नाही. बाबा सकाळपासून न्हाणीघरात. साबण संपवला. बाहेर आले तर बनियन अंगाला चिकटलेलं, त्याच्यातून तार —
चहा दिला. कप ओठाला लावून परत केला, कपाच्या कडेला ओठाचा —
नाही लिहवत.

ते ओशाळून भिंतीकडे तोंड करून बसलेत. आयुष्यभर पोती उचलली, पण स्वच्छ धुतलेल्या सदऱ्याशिवाय बाहेर न पडलेला माणूस. मघाशी हळूच विचारलं, "दीक्षा, तुला माझी किळस येते का गं?"

नाही म्हणाले. खोटं बोलले. येते. माझ्या बाबांची मला —

पाठ पुसून दे म्हणतात. हात पोचत नाही. टॉवेल कोमट पाण्यात भिजवलाय. पुसतेय, आणि एका हाताने हे लिहितेय, म्हणजे बघावं लागणार नाही. हलक्या हाताने. खांद्यापासून खाली. बाबा म्हणतात, बरं वाटतंय. टॉवेल जड झालाय. पिळायला उचलला, तर त्याच्याबरोबर बाबांची